वरच्या छिद्रांतली वाळू

बोरसे साहेबांच्या निधनाची बातमी चार ओळींत बसली. नाव, वय, तेलक्षेत्रातली नोकरी, मागे पत्नी आणि एक विवाहित मुलगी. ती मीच लिहिली आणि पानावर जाण्याआधी कुसुमताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पण ते असते तर तुम्हाला विचारलं असतं, वारले हे कुणी पाहिलं?"

जळगावात रिंग रोडच्या मागे एका तीन मजली इमारतीत ते माझ्या समोरच्या दारात राहत. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. दुसरं पेन पहिल्यावर विश्वास नसल्यामुळे. सकाळी अंक आला की त्याची उभी घडी घालून ते माझ्या दाराशी येत.

"काय पत्रकार, हे 'सूत्रांनी सांगितले' म्हणजे कुणी?"

"ते सांगता येत नाही साहेब."

"बरं. सूत्रानं स्वतः पाहिलं, की त्यालाही कुणी सांगितलं?"

बहुतेक वेळा मी चहाचं विचारून विषय टाळत असे. ते मान हलवत परत जात. त्यात विजयाचा भाव नसायचा. आणखी एका गोष्टीवर विश्वास ठेवता येणार नाही, एवढीच नोंद झाल्यासारखा चेहरा असायचा.

संशय हा त्यांचा दिनक्रम होता. कुलूप लावलं की ओढून पाहत, जिना उतरत, पुन्हा वर येऊन ओढत. दुधातलं पाणी तपासायला त्यांच्याकडे दुग्धमापी होता. त्याचा संशय आला म्हणून दुसरा आणला. दोन्हींची मापं जुळेनात, तेव्हा त्यांनी दूधवाल्याला काही म्हटलं नाही, तिसरा आणला. केळीवाल्याकडे घड उचलून देठाचा वास घेत आणि विचारत, "पिकली की पिकवली?" केळीवाला म्हणे, "साहेब, तुम्ही रोज विचारता, रोज घेता." साहेब म्हणत, "घेतो म्हणजे मान्य केलं असं नाही."

कुसुमताईंनी यातून स्वतःपुरती एक थट्टा तयार केली होती. घरी आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्या सांगत, "बघायला आले तेव्हा मी हो म्हटलं. यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. तर म्हणाले, दडपण तर नाही ना कुणाचं? तेव्हाच उठून जायला हवं होतं मी."

"मग का नाही उठलीस?" साहेब विचारत.

"बघा. अजून चौकशी चालू आहे."

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. ते माघारी कुणाबद्दल वाईट बोलत नसत. चांगलंही चटकन मान्य करत नसत. ज्याचा संशय यायचा त्याला तोंडावर विचारायचं, अशी त्यांची पद्धत होती. निदान मी ओळखत होतो त्या वर्षांत तरी होती.

त्यांचं मूळ गाव सोनगीरजवळ. शिक्षण धुळ्याला, मग अभियांत्रिकी, मग सगळी नोकरी गुजरातच्या तेलक्षेत्रांत. काम विहिरी फोडण्याचं. ते समजावताना ते दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून धरत. खडकात तेल असतं, पण खडक ते सोडत नाही. मग विहिरीत उतरवलेल्या लोखंडी पाइपाला खोलवर, खडकाच्या त्या थरासमोर, एकाखाली एक छिद्रं पाडतात. वरून प्रचंड दाबानं पाणी सोडतात. ते छिद्रांतून बाहेर पडतं आणि खडकाला भेगा पडतात. पण दाब काढला की भेगा मिटतात. इथे ते तळहात घट्ट मिटत. म्हणून पाण्याबरोबर वाळू पाठवतात. पाणी परत येतं, वाळू भेगेत अडकून राहते, भेग उघडी राहते. सुताराची पाचर असते तशी.

"म्हणजे सगळा खेळ वाळूचा," मी एकदा म्हणालो.

"वाळू कुठं गेली याचा," ते म्हणाले आणि विषय बदलला.

विषय परत आला तो तळमजल्यावरून. इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांची मिळून एक टाकी होती. तिच्यातून एक उभा पाइप खाली येई आणि प्रत्येक मजल्यावर त्याला आडवा फाटा. तळमजल्यावरच्या चौधरी काकूंच्या नळाला वाळू येऊ लागली. बादलीच्या तळाशी बोटभर थर. वरच्या दोन्ही मजल्यांना पाणी स्वच्छ. सोसायटीच्या बैठकीत काकूंनी तक्रार केली, तर लोक हसले. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, "काकू, टाकी एक, पाइप एक, पाणी एक. मग वाळू तुमच्याकडेच कशी येते? अंगणात बांधकाम काढलंय तुम्ही, तिथली असेल."

काकू उसळल्या. "मी काय माझ्या बादलीत वाळू टाकून तुम्हाला दाखवायला आणते? मला दुसरे उद्योग नाहीत?"

बोरसे साहेब नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसले होते. ते काही विचारतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काकूंच्या बादलीकडे पाहत होते. बैठक संपण्याआधीच ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लंबर बोलावून प्रत्येक मजल्यावरचा फाटा उघडायला लावला. टाकीच्या तळाशी गाळ आणि वाळू साचली होती. ती उभ्या पाइपातून खाली येत होती. वरच्या फाट्यांशी पाणी सहज वळत होतं. वाळू जड, तिला वेग होता, तिला वळता येत नव्हतं. ती सरळ पुढं निघून जात होती आणि शेवटच्या फाट्याला, जिथं पुढं जायला वाट नव्हती, तिथं बाहेर पडत होती. चौधरी काकू खरं बोलत होत्या.

काकूंनी सगळ्यांना चहा पाजला. साहेबांनी कप हातात घेतला आणि तसाच ठेवला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं.

"दोंडाईच्याला तुमचा बातमीदार आहे ना? एक माणूस शोधायचा आहे. सुपडू महाजन. तेलक्षेत्रात माझ्या हाताखाली होता."

मी तिथंच बातमीदाराला फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "कोण, सुपडू वाळूवाला का? मिरचीचं दुकान आहे त्याचं. म्हणजे त्याच्या बायकोच्या नावावर आहे. त्याच्या नावाची पाटी लावली तर लोक हसतात."

"वाळूवाला का म्हणतात?" मी विचारलं.

"गुजरातमध्ये कंपनीची वाळू विकली म्हणून हाकललं त्याला. सगळ्या गावाला माहीत आहे. पोराला शाळेतसुद्धा वाळूवाल्याचा म्हणायचे."

फोनचा आवाज मोठा होता. साहेबांनी सगळं ऐकलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सुपडू वाळू मिसळण्याच्या यंत्रावर होता. एका विहिरीवर काम झालं, पण विहिरीनं अपेक्षेइतकं तेल दिलं नाही. वाळूत थोडी खुणेची वाळू मिसळलेली असते. यंत्र खाली सोडलं की ती कुठं पोहोचली ते वर कळतं. तसं पाहिलं, तर खालच्या छिद्रांपाशी वाळू होती आणि वरच्या छिद्रांपाशी जवळजवळ नव्हती. चौकशी बसली. साहेब त्या कामाचे प्रमुख होते. त्यांना विचारण्यात आलं, याचा अर्थ काय? ते म्हणाले, पाणी सगळ्या छिद्रांतून गेलं आहे, आणि पाणी जिथं जातं तिथं वाळू जाते. वरच्या छिद्रांना वाळू नाही, म्हणजे वाळू कमी पडली. पुढचा प्रश्न कुणीतरी दुसऱ्यानं विचारला. कमी पडलेली वाळू कुठं गेली? तिथं बाहेर बांधकामं चालू होती, वाळूच्या गोण्या उघड्यावर असत. लिखित आरोप झाला नाही. सुपडूला घरी पाठवलं.

"पाणी जातं तिथं वाळू जाते, हे तुम्ही कुठून घेतलं?" मी विचारलं.

"सगळेच तसं म्हणायचे," ते म्हणाले. एरवी हे उत्तर दुसऱ्यानं दिलं असतं, तर त्यांनी त्याला सोडलं नसतं.

पुढचा सगळा हिवाळा ते एमआयडीसीतल्या एका पाइप कारखानदाराच्या मागच्या शेडमध्ये होते. कारखानदार ओळखीचा होता. त्यानं पारदर्शक नळी दिली. साहेबांनी ती बांबूच्या परांचीला उभी बांधली, तिला एकाखाली एक छिद्रं पाडली, प्रत्येक छिद्राला आखूड रबरी नळी आणि प्रत्येक नळीखाली एक टब. वरून पंपानं वाळूमिश्रित पाणी. तेलविहिरीत पाणी दाट करायला गवारीच्या बियांची पूड वापरतात, तीही त्यांनी मिळवली. कुसुमताई डबा घेऊन आल्या की म्हणत, "घरी गवारीची भाजी चालत नाही. इथं पिठात वाळू कालवतात."

पहिल्याच वेळी खालच्या टबात वाळूचा ढीग पडला आणि वरच्या टबात नितळ पाणी. कारखानदार म्हणाला, "झालं साहेब, सापडलं."

"काय सापडलं? मला हवं होतं तेच आलंय. जे हवं असतं ते आलं की जास्त तपासायचं असतं."

त्यांनी पंपावर संशय घेतला, पंप बदलला. छिद्रं सारखी नसतील म्हणून नवी नळी घेतली. मग स्वतःवर संशय घेतला. टबांच्या चिठ्ठ्या मी बदलायच्या, कुसुमताईंनी वाळू टाकायची, तिसऱ्यानं वजन करायचं, आणि साहेबांनी पाठ करून उभं राहायचं. कोणत्या टबाचं वजन चाललं आहे ते त्यांना शेवटीच कळत असे. तरी वाळू खालीच जात होती. पाणी दाट केलं की फरक कमी व्हायचा, वाळू पाण्याला धरून वळायची. पातळ पाण्यात आणि जास्त वेगात ती वरची छिद्रं ओलांडून थेट तळाशी.

हे दिसलं त्या दिवशी त्यांनी पंप बंद केला आणि ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "त्या विहिरीवर पातळ पाणी वापरायचं मीच ठरवलं होतं. दाब फार चढत होता."

कुसुमताई टब विसळत होत्या. त्या वळल्या नाहीत. "त्या माणसाला बोलवा आता," म्हणाल्या.

सुपडू महाजन फोनवर फक्त "कशाले?" म्हणाला होता. तरीही आला. ठेंगणा, रुंद हाडांचा, डोक्यावर टोपी. शेडच्या दारातच थांबला. साहेबांनी या म्हटलं तरी आत आला नाही.

"काबर बलायं माले? इतला वर्सांनी?"

"एक दाखवायचं आहे. तू बघ, मग बोलू."

पंप सुरू झाला. सुपडूनं नळीकडे पाहिलं नाही, लोकांकडे पाहिलं. कारखानदार, कुसुमताई, मी. माझ्यापाशी नजर थांबवून म्हणाला, "हाऊ कोन? पेपरवाला? म्हंजे आते पेपरमा बी येई का मन्हं नाव?"

"छापायला नाही आले ते. शेजारी आहेत," कुसुमताई म्हणाल्या.

खालचा टब भरत होता. सुपडू जवळ गेला, वाकला आणि पंपाचं बटण बंद केलं. "हाई नळी बी तुमनी, वाळू बी तुमनी, पंप बी तुमना. मंग जे निंघी ते बी तुमनंच निंघी. काय करनं शे तुमले? मरानं पहिले पुण्य?"

मला वाटलं साहेब दुखावतील. त्यांचा चेहरा उलट खुलला. त्या शेडमध्ये पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. "मग तू कर," ते म्हणाले. "नळी उलटी बांध. वरचं टोक खाली. वाळू तू टाक. आम्ही सगळे बाहेर थांबतो."

आम्ही बाहेर थांबलो. आतून पंपाचा आवाज येत राहिला, थांबला, पुन्हा सुरू झाला. सुपडूनं किती वेळा करून पाहिलं कुणास ठाऊक. त्यानं बोलावलं तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि तो तळच्या टबाच्या काठावर बसला होता. हातात ओली वाळू.

"म्हंजे मी चोर नही," तो म्हणाला.

इथं कुणीही हो म्हटलं असतं. कुसुमताईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "यानं तसं सिद्ध होत नाही. मी चौकशीत जे बोललो ते चुकीचं होतं, एवढंच यानं सिद्ध होतं. वाळू पूर्ण टाकली असती तरी वरची छिद्रं रिकामी दिसली असती."

सुपडू उठला. मुठीतली वाळू त्यानं साहेबांच्या पायाशी टाकली. "आते बी? आते बी तुमना मनमा शेच?"

"अहो!" कुसुमताई म्हणाल्या. "एकदा तरी नुसतं हो म्हणा."

साहेब बोलण्याआधी सुपडूच बोलला, आवाज खाली आणून. "साहेब, तव्हय तुम्हीन यंत्रले विचारं, कागदले विचारं. माले कोनी विचारं?"

"नाही विचारलं."

"मंग आते विचारा."

साहेबांनी चष्मा काढला. "सुपडू, त्या दिवशी वाळू पूर्ण टाकली होतीस?"

"बठ्ठी," तो म्हणाला. सगळीच्या सगळी.

आम्ही पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. तो आला नाही. साहेब म्हणाले, "बरं," आणि चष्मा परत लावला.

सुपडूनं टोपी काढून झटकली आणि शेडभर हात फिरवला. "आठे बोलीसन काय फायदा? आठे पंपनी ऐकं. पंप काय दोंडाईचाले जाईसन सांगाव शे का?"

आठवड्याभरात साहेब दोंडाईच्याला गेले. तापी लाइनची सकाळची गाडी. त्यांनी मला बरोबर घेतलं, कारण एकट्यानं सांगितलं तर त्याला साक्षीदार काय, असं त्यांना वाटत होतं. स्टेशनात उतरताच हवेत मिरचीचा नाकाघशाला झोंबणारा खाट होता. गावाबाहेर मोकळ्या रानात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल पथाऱ्या पडल्या होत्या. सुपडूचं दुकान बाजाराच्या तोंडाशी. त्यानं कुणाला मुद्दाम बोलावलं नव्हतं. बाजाराचा दिवस होता, माणसं होतीच. ओट्यावर शेजारचे दोन अडते आणि एक म्हातारे नाना बसले होते. सुपडू म्हणाला, "नाना, हाई आमना साहेब. त्याच कंपनीना." ओट्यावरच्यांनी वळून पाहिलं.

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. छिद्रं, पाणी, वाळूचा वेग, वळता न येणं. अचूक सांगितलं. खोकत, डोळे पुसत सांगितलं. अडत्यांपैकी एकानं मध्येच सुपारी कातरायला घेतली. सांगून झाल्यावर नाना म्हणाले, "ते बठ्ठं ऱ्हाऊ द्या साहेब. यानी वाळू लिधी का नही?"

सुपडू पोतं शिवत होता. दाभण हातात तसंच राहिलं. ज्या माणसानं, ती एक चौकशी सोडली तर, उभ्या आयुष्यात न पाहिलेल्या गोष्टीला हो किंवा नाही म्हटलं नव्हतं, तो आता काय म्हणतो यावर एका कुटुंबाचं गावातलं नाव अवलंबून होतं, आणि हे त्या दोघांनाही कळत होतं.

"नाही घेतली," साहेब म्हणाले.

"हाई तुमले कसं माहीत?"

"त्यानं मला सांगितलं."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग अडते हसले. ओट्याखाली उभं असलेलं गिऱ्हाईकही हसलं. सुपारी कातरणारा म्हणाला, "साहेब, जेवन काय व्हतं आज सुपडूकडे? पुरनपोळी का?" हशा वाढला. नाना हसले नाहीत, पण तेही उठले आणि धोतर झटकत चालू लागले. चार पावलांवर थांबून त्यांनी साहेबांकडे एकदा वळून पाहिलं. त्या नजरेत संशय होता, आणि तो आता सुपडूवर नव्हता.

साहेबांचे कान लाल झाले होते. मिरचीनं की कशानं, सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिलं. माझी संध्याकाळची पाळी होती, दुपारची गाडी गाठायची होती. "निघू या साहेब?"

"तुम्ही व्हा पुढं."

"आणि तुम्ही?"

"बाजार सुटेपर्यंत लोक येतील ना?" त्यांनी सुपडूला विचारलं.

"येतीन," सुपडू म्हणाला. मग आत गेला आणि लोखंडी खुर्ची घेऊन आला. ती कुठं ठेवायची हे त्याला ठरवता येईना. साहेबांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि दुकानाच्या तोंडाशी, येणाऱ्या प्रत्येकाला वळसा घालावा लागेल अशी ठेवली.

पुढे मी धुळ्याच्या आवृत्तीला गेलो आणि आमची गाठ पडली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या बाजाराच्या वळणावरून. नाकाला रुमाल, डोळ्यांतून पाणी, मिरचीच्या पोत्यांमध्ये ताठ बसलेले. एक बाई पिशवी घेऊन आली होती. त्यांनी तिला थांबवलं.

"ताई, हे सुपडू महाजन माझ्या हाताखाली होते. यांच्याबद्दल एक गोष्ट मी चुकीची बोललो होतो."

"व्हई बाबा," ती म्हणाली, "पन मिरची तिखट शे का?"

"सांगतो," बोरसे साहेब म्हणाले. "आधी हे ऐका."